एकशे दहा

चौकटींच्या वहीतलं हे सातवं पान.
आधीच्या सहा पानांवरची घरं सिल्वोने फेकली नाहीत,
घड्या घालून खिडकीच्या फटीत खोचली. वारा तेवढाच अडतो.

मारिबोरचा चौथा मजला. लिफ्ट नाही.
एकेचाळीस वर्षं जमीन-नोंदणीच्या कचेरीत
मी दुसऱ्यांच्या हद्दी आखल्या,
दोन भावांमधलं सफरचंदाचं झाड कुणाचं, तेही ठरवलं.
आता पट्टीखाली पहिल्यांदा माझी जमीन आलीय:
पोहोर्येच्या उतारावर, स्प्रूसच्या गर्दीत, नऊशे चौरस मीटर.
त्यातले तीनशे फक्त शेळीच्या कामाचे.

मोयत्सा फोनवर म्हणते,
आई, म्हातारपणी माणसं डोंगर उतरतात,
तुम्ही चढताय कुठे?

घर एकाच मजल्याचं.
जिना नाही, उंबरा नाही.
छप्पर एकीकडेच कललेलं, बर्फ मागे घसरावा,
सकाळी दार उघडताना डोक्यावर नको.
भिंतींना लार्चच्या फळ्या, रंग न लावता,
त्या आपल्या आपण करड्या होतील. आम्ही झालो तशा.
विजेचे पॉइंट कमरेच्या उंचीवर.
खांद्याच्या वर एकही फडताळ नको.
एक खिडकी अगदी खाली, उशीच्या पातळीला,
पडल्या पडल्या कोल्ह्याची पावलं दिसतील अशी.

सिल्वोला तळघर हवं. सफरचंदाच्या दारूसाठी.
तळघर म्हणजे पायऱ्या.
दोन दिवस आम्ही बोललो नाही.
मग उत्तरेच्या भिंतीला खड्डा ठरला, वर झाकण.
वाकावं लागेल, मी म्हटलं.
दारूपुढे मी नेहमीच वाकतो, तो म्हणाला.

न्हाणीच्या टाइलमागे एक जाड फळी आत्ताच ठोकून घ्यायची.
पुढे कधी दांडी बसवावी लागली तर.
दांडी नको.
फळी असू दे.

सुतार ओझबोल्ट नकाशा उलटा धरून पाहतो,
मग विचारतो, मुख्य दार एवढं रुंद का?
पियानो आहे?
मी हो म्हणते.
पियानो नाही.
सिल्वोची आई याच इमारतीतून गेली.
तिसऱ्या वळणावर पेटी वळेना,
चौघांनी ती उभी केली.
सूतगिरणीत चौतीस वर्षं उभी होती बाई,
जातानाही उभीच.
सिल्वो खाली थांबून फुलांच्या गाडीवाल्याला पैसे देत होता.
त्याने पाहिलं नाही. मी पाहिलं.

एप्रिलमध्ये खुंट्या ठोकल्या, सुतळी ओढली.
बर्फ अजून झाडांच्या बुंध्यांशी.
सुतळीच्या स्वयंपाकघरात उभं राहून आम्ही ब्रेड खाल्ला,
सुतळीच्या भिंतीतून एक खार सरळ आत आली,
सरळ बाहेर गेली.

भांडण झालं ते पॅसेजवरून.
मी एकशे वीस सेंटिमीटर लिहिले होते.
कशासाठी, ते लिहिलं नव्हतं.
चाकांना वळायला जागा लागते, हे कुठल्याही पानावर नाही.
सिल्वो म्हणाला, ऐंशी पुरे.
या फ्लॅटचा पॅसेज ऐंशीच आहे.
अठ्ठावीस वर्षं कितीही भांडलो
तरी संडासाकडे जाताना तुझ्या अंगाला घासूनच जावं लागलं.
एकशे वीस केलेस
तर आपण एकमेकांना टाळू शकू.

असं म्हणून त्याने सुतळी आत ओढली
आणि पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला.
मी या टोकाला.
मध्ये चिखल, स्प्रूसच्या सुया, एक जुनं शिंग.
आम्ही चालत आलो.
मधोमध त्याचा डावा गुडघा अडखळला,
त्याने माझ्या कोटाची बाही धरली,
आणि जणू मुद्दामच धरली असं दाखवलं.

घरी येऊन मी खोडरबर घेतलं.
एकशे वीस खोडलं.
ऐंशी लिहिलं नाही.
एकशे दहा लिहिलं,
दोघांचंही न ऐकणारा आकडा,
आणि वही मिटायच्या आधी
फटीतलं तिसरं पान काढून पाहिलं:
त्यावरही, माझ्याच अक्षरात,
एकशे दहा.